खुंटीवरची माळ

सावळीच्या आणि तिच्या दिराच्या घरात मधली भिंत एकच आहे आणि त्या भिंतीला दोन्हीकडून एकेक सागाची खुंटी आहे. सावळीच्या बाजूच्या खुंटीवर पिशवी, छत्री, एखादा टॉवेल. दिराच्या, म्हणजे चांगोच्या बाजूच्या खुंटीवर वर्षातून दोनदा तुळशीची माळ. एकदा गौरीच्या तिखटाच्या दिवशी आणि एकदा म्हसा गावच्या जत्रेला. त्या दिवशी चांगो अंघोळ करून माळ काढतो, डोळ्यांना लावतो, खुंटीला अडकवतो आणि मटणाचं ताट पुढे ओढतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंघोळ, पुन्हा माळ गळ्यात.

हे बघून गप्प बसणारी सावळी नव्हे. ओटीवरूनच विचारायची, "काय भाऊजी, आज पांडुरंगाला सुट्टी वाटतं?"

"पुरी नाय वयनी. हाफ डे."

"आणि त्याला कळलं तर?"

"त्याला सांगूनच काढलीय. तो बोलला, माझ्याकडं पाठ कर नि जेव."

आळीतले लोक हसायचे. सावळीही हसायची. पण आपली माळ कधी उतरली नाही, हेही त्या हसण्यात असायचं आणि ते चांगोला ऐकू जायचं.

टोकावड्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून सिद्धगडाच्या अंगाला आत वळलं की त्यांचं गाव लागतं. सावळीला माळ तिच्या बापाने घातली, लग्नाच्या आधी. सासर मात्र खाणारं. घरात सुकट भाजायला घेतली की ती आपला भात पडवीतल्या वेगळ्या चुलीवर शिजवायची, पण तोंड वाकडं करायची नाही. बाळंतपणात माळ उतरली नाही, तापात उतरली नाही. नवरा काळूराम गेला तेव्हा बायकांनी तिचं मंगळसूत्र उतरवलं, माळेला कुणी हात लावला नाही. घरात विंचू निघाला तर ती चिमट्यात धरून बांधापलीकडे सोडून यायची आणि विंचवालाच म्हणायची, "जा बाबा, पोराबाळांत येऊ नको."

अशा बाईच्या शब्दाला गावात वजन येतंच. दोन जावांचं भांडण असो, बांधावरचं झाड कुणाचं हे असो, सावळी माळेला हात लावून काय बोलते तिकडे लोकांचं लक्ष. तिने मुद्दाम मागितलं नव्हतं हे, पण मिळालं ते तिला आवडत होतं. ते तिने स्वतःशीही कधी कबूल केलं नसतं.

मुलगा ज्ञानेश्वर मुरबाडच्या कंपनीत पाळीने जातो. सून भूमिका दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला. दोघं सकाळच्या एसटीने गेली की घरात सावळी आणि नात हर्षाली. हर्षाली गावच्या शाळेत सहावीला. दुपारनंतर शाळेतून आली की आजी आणि ती, बाकी घर मोकळं. ज्ञानेश्वरने नवा फोन घेतला तेव्हा जुना घरी ठेवला. अभ्यासाचं काही आलं तर, म्हणून.

*

भाताची कापणी, झोडणी सगळं उरकलं आणि पोरं मोकळी झाली, तेव्हा शाळेमागे एक प्रकार घडला. पोरांनी काठ्यांच्या बंदुका केल्या, दोन टोळ्या केल्या. खेळता खेळता एकाच्या डोळ्याखाली खोक पडली. जरा वर लागली असती तर डोळाच. मारणारा होता रंगूचा भावेश. विचारलं तर म्हणाला, "तो मेला होता तरी उठला. मेल्यावर उठायचं नसतं."

त्या आठवड्यात देवळात भजन संपल्यावर बायका उठल्याच नाहीत. गावात हीच रीत. टाळ पिशवीत गेले की बायकांची सभा.

सकुबाई सगळ्यांत म्हातारी. तिने सुरुवात केली. "हे फोनातलं येड हाय. त्यात माणसं मारतात म्हणं."

"मारतात म्हणजे? माझा तर जेवताना मारतो," रंगू म्हणाली. "ताट पुढं, नि डोळे फोनात."

"तुझ्या भावेशनंच तर खोक पाडली."

"म्हणून तर बोलते ना. बंद करा एकदाचं. नायतर वय तरी ठरवा. किती वर्षाचं झालं की चालंल?"

मग जो तो वय सांगू लागला. कुणी म्हणालं बारा, कुणी म्हणालं मतदानाला जातील तेव्हा. सकुबाई म्हणाली, "मिसरूड फुटल्यावर."

"मग पोरींनी काय करायचं गो आते?"

देवळात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आपण विळा कधी देतो हातात? तेवढं वय धरा."

"विळ्यानं भात कापतात. हितं माणसं कापायचीत."

शेवटी सगळ्यांच्या माना सावळीकडे वळल्या. रंगू म्हणाली, "काकू, तुमी सांगाल ते. तुमी माळेला हात लावून वय सांगा, तेच आमी पोरांना सांगू. माझं तो ऐकत नाय, तुमच्या नावाला घाबरतो."

सावळी म्हणाली, "न बघता कसं सांगू? आधी बघते काय हाय ते. एकादशीला सांगीन."

हे तिचं बोलणं सरळ होतं. पुढे जे झालं ते या सरळ बोलण्यातूनच झालं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हर्षालीला बोलावलं. "त्यो बंदुकीचा गेम दाखव मला."

हर्षाली घाबरली. "माझ्याकडं नाय."

"हाय. मला ठाऊक हाय. मारणार नाय तुला, दाखव."

पोरीने फोन आणला. दोघी भाताच्या कणगीच्या आडोशाला चटईवर बसल्या. आधी एक विमान आलं, मग त्यातून माणसांनी उड्या टाकल्या, छत्र्या उघडल्या. खाली डोंगर, गवत, मोकळी घरं.

"सिद्धगडासारखंच दिसतंय गो. पण एक शेळी नाय चरायला."

"आजी, शेळ्या नसतात यात. आता बघ हं, हे बोटानं चालायचं, हे इथं दाबलं की गोळी."

हर्षालीने तिचा अंगठा धरून काचेवर ठेवला. सावळीचा अंगठा जाड, विळ्याने चिरलेला, काचेवर सरकेना. कुठे जायचं तर कुठे जात होतं. एवढ्यात दारातून एक माणूस आत आला, सावळी दचकली आणि अंगठा दाबला गेला. तो माणूस गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. त्याच्या जागी एक पेटी राहिली.

"मेला?"

"हो. तू मारलास आजी."

सावळीचा हात माळेवर गेला. "कोण होता तो?"

"कोणतरी असंल. तो पुन्हा येतो. दुसऱ्या मॅचला."

"पुन्हा येतो तर मारायचा कशाला?"

सावळी उठली, हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला. तिला खरंच वाईट वाटलं होतं. पण संध्याकाळी तांदूळ निवडताना तिच्या लक्षात आलं की आपला अंगठा सुपाच्या कडेवर सरकतोय, डावीकडे, उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काल नीट बघितलं नाय मी."

तिसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही, नुसती चटई टाकली.

फोनवर वाकलं की गळ्यातली माळ खाली लोंबायची. मणी काचेला लागायचे आणि नको तिथे गोळी सुटायची, मग समोरचा सावध व्हायचा. हर्षाली चिडली. "आजी, माळ मधे येते गो."

सावळीने माळ पाठीवर टाकली. ती पुन्हा घसरून पुढे आली. पदरात खोचली, तरी सुटली. आणि मग, नुसतं मधे येऊ नये म्हणून, एवढंच कारण मनाशी धरून, तिने माळ डोक्यावरून काढली. ठेवायची कुठे? जमिनीवर कशी ठेवायची? समोर खुंटी होती.

गळा हलका झाला. मानेवर एवढ्या वर्षांत पडलेला वळ होता, त्यावर वारा लागला. तिला ते जाणवलं आणि तिने ते जाणवू दिलं नाही.

पुढच्या दिवशी हर्षालीनेच हात पुढे केला. "दे, मी अडकवते."

*

एकादशीला देऊळ भरलं होतं. भजन झालं, टाळ पिशवीत गेले, बायका बसून राहिल्या. माळ तेव्हा गळ्यात होतीच. देवळात यायच्या आधी सावळीने ती डोळ्यांना लावून घातली होती, चांगो लावतो तशीच.

सकुबाईने विचारलं, "मग, बघितलं का?"

"बघितलं."

"कसं असतं?"

"वाईट असतं." सावळीने माळेला हात लावला. "दहावी होईपर्यंत नाय. कुणाचंच पोर नाय."

बारा म्हणायचं तिच्या मनात होतं. घरून निघताना बाराच ठरवलं होतं. पण हात माळेला लागला आणि आतून काहीतरी टोचलं, आणि ते झाकायला ती मोठं वय बोलून गेली. बायकांना ते फार पटलं. रंगू म्हणाली, "बघा, शब्द म्हणजे असा." कोपऱ्यात पोरी बसल्या होत्या, त्यांत हर्षाली होती. ती आजीकडे बघत होती. रागाने नाही, नुसतं बघत होती.

वाटेत तिने विचारलं, "मग आपण?"

"आपण काय?"

"आपण उद्या खेळायचं का नाय?"

सावळी थोडी चालली. मग म्हणाली, "आपण खेळत नाय गो. आपण बघतो. कुणीतरी लक्ष ठेवायला पायजे ना, काय चाललंय त्यात."

"हो," हर्षाली म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आईला सांगायचं नाय ना पण?"

"तिला कशाला उगाच?"

मग गावात फोन कपाटात गेले. रंगूने भावेशच्या हातातून फोन काढून घेतला, बापाच्या खिशात ठेवला. भावेशचा बाप बुधू आडदांड, पण बायकांची सभा म्हटली की मानणारा. पोरं सावळीला बघून रस्ता बदलू लागली. आणि रोज दुपारी कणगीच्या आडोशाला सावळी विमानातून उडी टाकत होती.

तिला ते जमू लागलं होतं. इतर पोरं पळत सुटायची, ती पळायची नाही. एखाद्या घराच्या माडीवर जाऊन गप्प बसायची, वाट बघायची. वाट बघणं तिला आयुष्यभर जमत आलं होतं. कानात वायरीतून दूरदूरच्या पोरांचे आवाज यायचे. कुणी हिंदीत शिव्या द्यायचं, कुणी म्हणायचं, "वो हर्षाली देख, चुपचाप बैठ के मारती है." सावळी कधी बोलायची नाही. बोलायचं झालं तर हर्षाली बोलायची. पण ते ऐकून तिचा ऊर भरून यायचा. एवढं कौतुक तिचं कुणी भजनातही केलं नव्हतं.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. समोरून येणाऱ्या त्या माणसांना चेहरे नव्हते, सगळे सारखेच. पण अंगठा दाबताना कधीकधी चेहरे यायचे. काळूरामच्या दहाव्याला जागेचा विषय काढणारा चुलत दीर. हुंडा कमी म्हणून तिला महिनाभर टोमणे मारणारी नणंद. एकदा भूमिकाचाही आला. त्या दिवशी तिने सुनेला रात्री गरम गरम भाकरी करून वाढली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं नाही.

*

त्या दिवशी हर्षाली शाळेचं काहीतरी कापून चिकटवत पडवीत बसली होती. "आजी, आज तू एकटी खेळ. मला टाइम नाय."

सावळीने माळ स्वतःच खुंटीला अडकवली आणि फोन घेतला. एकटीने जमेना. सोबत कुणी असलं की मागची बाजू सांभाळली जाते, हे तिला आता कळत होतं. फोनात हर्षालीच्या सोबत्यांची चित्रं होती. नावं इंग्रजीत, पण चित्रं तिला पाठ होती. वाघाचं चित्र म्हणजे भावेश. ते आज उजळलेलं होतं, म्हणजे भावेशच्या हातात कसा कोण जाणे, फोन आला होता.

भावेशला फोन बंद का आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने वाघावर अंगठा ठेवला.

कानात आवाज आला, हळू, "हर्षू, नको गो. बाबांचा फोन हाय. बाबा वालाच्या शेतात गेलेत, येतील आता."

सावळीने पुन्हा दाबलं.

"नको ना. सावळीआजीनं बंद केलंय. कळलं तर मारतील."

तिने पुन्हा दाबलं.

"बरं, एकच मॅच," भावेश म्हणाला.

दोघं गवतातून चालले होते. तो पुढे, ती मागे. भावेश चांगला खेळत होता, तिला सांभाळून घेत होता. "हर्षू, मागं बघ. हर्षू, बस खाली." मग एकदम कानात दार आपटल्याचा आवाज झाला आणि बुधूचा आवाज, लांबून, मग जवळून. "सावळीकाकूनं देवळात काय सांगितलं, विसरलास काय?" मग छडीचा आवाज. पुन्हा. पुन्हा. भावेश आधी ओरडला नाही. नंतर ओरडला.

फोनात भावेशचा माणूस गवतात उभा होता. हलत नव्हता, कारण त्याला हलवणारं कुणी नव्हतं. कुठूनतरी गोळ्या आल्या, तो गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

इथे सावळीने फोन ठेवायला हवा होता. आणि तिने तो लगेच ठेवला नाही. भावेशला मारणारा झाडामागे होता आणि तो तिला दिसत होता. तिने त्याला मारलं. मग फोन ठेवला.

*

संध्याकाळच्या एसटीने भूमिका आली, पर्स अजून खांद्यालाच होती, तेवढ्यात बुधू आणि रंगू भावेशला घेऊन ओटीवर आले. भावेशच्या पोटऱ्यांवर निरगुडीच्या छडीचे वळ उठले होते. आरडाओरडा ऐकून चांगोही आपल्या बाजूने येऊन दारात टेकला.

रंगू म्हणाली, "काकू, तुमच्याच घरात तुमचा शब्द मोडतोय. आमचा म्हणतो, हर्षालीनं बोलावलं. एकदा नाय, नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा बोलावलं."

भूमिका हर्षालीकडे वळली. "बोलावलंस?"

सावळी दुपारपासून तशीच चटईवर बसली होती. बोल, असं तिने स्वतःला सांगितलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "हो. मीच बोलावलं."

भूमिकाने तिच्या कानाखाली मारली. पोरीच्या हातातली कात्री खाली पडली. तिने रडू आवरलं आणि आजीकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, बघितलं तर कळेल म्हणून.

"काकू, तुमी काय ते बोला हिला," बुधू म्हणाला. "तुमी काय बोलत नाय?"

चांगो मघापासून सावळीकडे बघत होता. "वयनी," तो हळूच म्हणाला, "माळ कुठं हाय?"

सगळ्यांनी बघितलं. सावळीचा गळा मोकळा होता. मानेवरचा वळ तेवढा पांढरा दिसत होता. तिचा हात तिथे गेला आणि काहीच हाताला लागलं नाही.

"दोरा तुटला," हर्षाली म्हणाली. गाल लाल झालेला, आवाज मात्र साधा. "दुपारी आजी भांडी घासत होती ना, तेव्हा तुटला. मी ओवून देणार हाय."

अडखळली नाही, थांबली नाही. भांडीसुद्धा घातली मधे. तयारीच होती जणू. सावळीने आपल्या नातीचं असं बोलणं पहिल्यांदाच ऐकलं, आणि हे तिला कुणी शिकवलं हे तिला विचारावं लागलं नाही.

चांगोची नजर भिंतीवर गेली. खुंटीवर, टॉवेलाच्या मागे, अख्खी माळ होती. दोरा धड, मणी धड. खुंटीवरची माळ काय सांगते हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला कळणार? इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी होती. सावळीने डोळे मिटून घेतले.

"तुटतो कधीकधी," चांगो म्हणाला. "जुना झाला की. माझाबी तुटतो." आणि तो आपल्या घरात निघून गेला.

बुधू-रंगू गेले. भूमिका आत चूल पेटवायला गेली, जाता जाता फोन उचलून घेऊन गेली. हर्षाली उठली, खुंटीवरून माळ काढली, आजीच्या हातात दिली आणि कानाशी येऊन म्हणाली, "घाल आता. मी नाय सांगणार कुणाला."

सावळीला माळ घालवेना.

*

त्या संध्याकाळी ती देवळात गेली, माळ मुठीत धरून. हर्षाली मागे होती. भजनाला तिने तोंड उघडलं नाही. टाळ पिशवीत गेल्यावर ती उभी राहिली आणि मूठ उघडून माळ सगळ्यांना दाखवली.

"दोरा तुटलेला नाय," ती म्हणाली. "मी काढली होती. गेम खेळायला. रोज खेळते मी. एकादशीच्या आधीपासून. भावेशला आज मीच बोलावलं. हर्षाली खोटं बोलली ती माझ्यासाठी."

कुणाला काही समजलंच नाही. सकुबाईने विचारलं, "कुठला गेम?"

"तोच. बंदुकीचा."

"तू? तू मारतेस माणसं?"

"मारते."

आधी एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. मग सगळं देऊळ हसायला लागलं. सकुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगो सावळे, विंचू सोडतेस नि माणसं मारतेस?" शिव्या मिळतील असं सावळीला वाटलं होतं, त्यासाठी ती मन घट्ट करून आली होती. हसण्यासाठी आली नव्हती. चांगोला आपण ओटीवरून हसायचो तेव्हा त्याला काय होत असेल, हे तिला त्या हशात उभं राहून कळलं.

रंगू हसली नव्हती. ती म्हणाली, "आणि वय? दहावी म्हणालात माळेला हात लावून. माझ्या पोरानं मार खाल्ला त्याच्यावर. आता काय धरायचं आमी?"

"ते खोटं होतं. मी बारा ठरवलं होतं. मला लाज वाटली म्हणून जास्त बोलले." सावळी थांबली. "आता बारा पण सांगत नाय. माझं स्वतःचं वय झालंय असं मला वाटत होतं. नव्हतं झालं. मला नका विचारू रंगू. तुझ्या पोराजवळ तू बस, बघ, आणि तू ठरव. माझ्या नावानं मारू नका एवढंच."

रंगू उठली. बायकाही मग हसायच्या थांबल्या, आणि ते जास्तच वाईट होतं.

देवळातून सावळी सरळ बुधूच्या घरी गेली. भावेश ओटीवर पालथा पडून होता, पोटऱ्यांना हळद लावलेली. ती त्याच्या उशाशी बसली. हर्षाली खांबाला धरून उभी राहिली.

"भावेश, दुपारी तुला बोलावलं ते हर्षालीनं नाय. मी बोलावलं. तू नको म्हणालास तरी मीच बोलावलं. तू मार खाल्लास तो माझ्यामुळं."

पोराने मान वळवली. आधी आजीकडे बघितलं, मग हर्षालीकडे. हर्षालीने होकाराची मान हलवली.

"म्हणजे," भावेश उठून बसला, पोटरी दुखली तशी कळ सोसली, "माडीवर गप बसून मारायची ती तू?"

सावळीने उशाजवळची हळदीची वाटी पुढे ओढली.

"आणि मला मारलं त्या झाडामागच्याला? त्याला पण तूच उडवलंस? बाबांनी फोन खाली टाकला, पण मला दिसत होतं."

"हो."

पोराचा चेहरा उजळला. डोळ्यांत राग नव्हता, रुसवा नव्हता, मघाच्या रडण्याचं ओलं तेवढं शिल्लक होतं. त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं गावातलं एकही पोर तिच्याकडे कधी बघत नव्हतं. माळेमुळे नाही, भजनामुळे नाही.

"लय भारी खेळते तू आजी," तो म्हणाला.

सावळीच्या मुठीत माळ होती. मूठ इतकी घट्ट की मणी तळव्यात रुतले होते. कुणाला सांगू नको, हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते. इतके दिवस तेच शब्द तिने हर्षालीला दिले होते. तिने ते गिळले. पोराच्या पोटरीवरची हळद पुसली गेली होती. वाटीतली हळद बोटावर घेऊन ती खाली मान घालून लावत बसली.